बंदरोबंदरी वाजलेला पियानो

११ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, पोकाहाँटस नावाच्या कोळसाखाणीच्या गावी, एका कृष्णवर्णीय कुटुंबात टेडी वेदरफोर्ड जन्मला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १६ डिसेंबरला, मुंबईत अपोलो बंदरावर जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. खाणीच्या गावातला तो मुलगा आणि समुद्राकाठचे ते हॉटेल यांची गाठ पडायला तेहतीस वर्षे जावी लागली. मधल्या काळात टेडीने न्यू ऑर्लिन्स, शिकागो आणि शांघाय पाहिले होते. पुढच्या नऊ वर्षांत मुंबई, पॅरिस, कोलंबो आणि कलकत्ता एवढे पाहून तो वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी गेला.

जॅझच्या अमेरिकन इतिहासात टेडीला मिळते ती एखाददुसऱ्या परिच्छेदाची जागा. शिकागोचा मोठा पियानोवादक, १९२६ साली पूर्वेकडे गेला आणि दिसेनासा झाला, असा त्या नोंदीचा सूर असतो. पण शिकागोला दिसेनासा झालेला हा माणूस शांघायला दिसत होता, मुंबईला आणि कलकत्त्याला रोज रात्री ऐकू येत होता. त्याचा हिशेब आजवर चुकीच्या वहीत शोधला गेला आहे. तो आपल्या वहीत सापडतो.

टेडीचे बालपण ब्लूफिल्ड या रेल्वेच्या गावी गेले. १९१५ च्या सुमारास, बारा वर्षांचा असताना, तो न्यू ऑर्लिन्सला आला. मिसिसिपीच्या मुखाजवळच्या या शहरात अंत्ययात्रेपासून सहलीपर्यंत प्रत्येक प्रसंगाला बँड लागे. कॉर्नेट वरच्या पट्टीत मूळ चाल वाजवी, क्लॅरिनेट तिच्याभोवती नक्षी काढी, ट्रॉम्बोन खालून आधार देई. ऐकणाऱ्याला सगळे आपापल्या मनाने वाजवताहेत असे वाटावे, आणि तरीही कोणी कोणाच्या पायात येऊ नये, अशी ती वीण होती. हीच वीण पुढे जॅझ म्हणून ओळखली गेली. १९१७ च्या नोव्हेंबरात आरमाराच्या दडपणाखाली शहरातली स्टोरीव्हिल ही वेश्यावस्ती बंद झाली. पियानोवादकांचा मोठा रोजगार तिथल्या दिवाणखान्यांत होता. टेडी तेव्हा चौदा वर्षांचा होता. तो १९२० पर्यंत या शहरात राहिला आणि पियानो शिकला.

रस्त्यावरच्या बँडमध्ये आठ-दहा जण काम वाटून घेतात. पियानोवादकाला ते सगळे एकट्याने करावे लागते. त्या काळच्या जॅझ पियानोत डाव्या हाताकडे ठेका असे. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खर्जातला सूर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मधल्या सप्तकातला स्वरगुच्छ. चाल जलद असली की हा हात पट्ट्यांवरून सतत झेपा घेत राहतो, आणि त्याचा नेम चुकला तर सगळा डोलारा कोसळतो. उजवा हात मोकळा असतो. तबलजी ठेका धरून बसला की गवई निर्धास्तपणे उपज करतो, तसा. फरक इतकाच की इथे तबलजी आणि गवई एकाच देहात बसलेले असतात. टेडीचे दोन्ही हात या कामात तयार झाले.

१९२० नंतर तो शिकागोला आला. त्या वर्षांत दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय माणसे कापसाचे मळे, झुंडशाही आणि वेगळ्या पाट्यांचे कायदे मागे टाकून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली होती. शिकागोचा दक्षिण भाग त्यांनी भरून गेला, आणि त्यांच्या करमणुकीसाठी स्टेट स्ट्रीटवर नाट्यगृहे, नृत्यगृहे आणि कॅफे उभे राहिले. न्यू ऑर्लिन्सचा किंग ऑलिव्हर तिथे आधीच नाव काढून बसला होता. १९२२ साली त्याने आपल्या शिष्याला बोलावून घेतले. तो शिष्य म्हणजे लुई आर्मस्ट्राँग.

टेडी आधी जिमी वेडच्या बँडमध्ये आणि मग व्हेंडोम थिएटरात अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. व्हेंडोम हे मूकपटांचे थिएटर होते. आपल्याकडे 'राजा हरिश्चंद्र'च्या काळात पडद्यापुढे तबला-पेटी घेऊन साथीदार बसत. शिकागोत त्या जागी अख्खा वाद्यवृंद असे. तो चित्रपटाला साथ करी, मध्यंतरात युरोपीय संगीतिकांचे तुकडे वाजवी आणि शेवटी जॅझ. इथे टिकायचे तर कागदावरचे संगीत झरझर वाचता यायला हवे आणि कागद बाजूला ठेवून उपजही करता यायला हवी. १९२५ च्या अखेरीस आर्मस्ट्राँग याच वाद्यवृंदात आला. चित्रपट कोणता आहे याची फिकीर न करता केवळ या वादकांना ऐकायला लोक व्हेंडोमला येत.

अर्ल हाइन्स हा पिट्सबर्गचा तरुण पियानोवादक त्याच सुमारास शिकागोत आला. पुढे जॅझ पियानोचा जनक म्हणून त्याचा गौरव झाला. पण तो आला तेव्हा शहराच्या तोंडी नाव होते ते टेडी वेदरफोर्डचे. मे १९२६ मध्ये टेटच्या वाद्यवृंदाने व्होकॅलियन कंपनीसाठी 'स्टॅटिक स्ट्रट' आणि 'स्टॉम्प ऑफ, लेट्स गो' ही दोन ध्वनिमुद्रणे केली. तबकडीच्या एका बाजूला मावतील अशी ही तीन-तीन मिनिटे. वाद्ये एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी वाजतात, आर्मस्ट्राँगचे ट्रम्पेट त्यांना चिरत वर जाते, आणि त्या गर्दीतून टेडीचा पियानो धावत सुटलेला ऐकू येतो. तो बावीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी जॅक कार्टर या ड्रमवादकाने आशियाच्या दौऱ्यासाठी माणसे जमवली आणि टेडी त्यांच्याबरोबर निघाला. व्हेंडोममधल्या पियानोवर पुढे हाइन्स बसला. जून १९२८ मध्ये हाइन्सने आर्मस्ट्राँगबरोबर 'वेस्ट एंड ब्लूज' मुद्रित केले आणि जॅझमधल्या पियानोची दिशा त्या तबकडीने ठरली. टेडी शिकागोतच राहिला असता तर त्या पियानोवर तो असता का, हा प्रश्न जॅझच्या अभ्यासकांना छळतो. मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो हा, की कीर्तीच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस पाठ फिरवून बोटीत का बसला.

याचे उत्तर त्या काळच्या अमेरिकेत आहे. कृष्णवर्णीय वादकाला टाळ्या मिळत, पण ज्या हॉटेलात तो वाजवी तिथे त्याला जेवायला बसता येत नसे. दक्षिणेत रेल्वेचा डबा वेगळा, उत्तरेत वस्ती वेगळी. शांघायमध्ये परकीयांच्या वसाहती होत्या, पैसा होता, नृत्यगृहे होती आणि अमेरिकन वादकांना भरघोस पगार होता. कार्टरच्या चमूत न्यू ऑर्लिन्सचा क्लॅरिनेटवादक आल्बर्ट निकोलस होता. व्हॅलेडा स्नो ही गायिका-ट्रम्पेटवादक त्याच चमूबरोबर पूर्वेकडे आली. त्यातले बरेच जण परतले. टेडी राहिला.

शांघायमध्ये तो नुसता टिकला नाही, तर ओळखीचा चेहरा झाला. १९३३ साली कवी लँग्स्टन ह्यूज तिथे गेला तेव्हा त्याला टेडी भेटला. आशियातल्या कुठल्याही सार्वजनिक जागी टेडीने पाऊल टाकले की लोक टाळ्या वाजवू लागत, असे ह्यूजने आपल्या आत्मकथनात नोंदवले आहे. ही नोंद करणारा स्वतः हार्लेमचा कृष्णवर्णीय कवी होता. टेडीसारखा माणूस मायदेशी दारातून आत शिरला तर काय होते, हे त्याला पुरते ठाऊक होते.

१९३४ साली टेडी लॉस एंजेलिसला जाऊन आला. कॅनिड्रोम या नृत्यगृहासाठी त्याला वाद्यवृंद हवा होता. त्याने बावीस वर्षांच्या बक क्लेटन या ट्रम्पेटवादकाला आणि त्याच्या साथीदारांना निवडले. कॅनिड्रोममध्ये वाद्यवृंद रात्रभर एकाच जागी वाजवी. टेडी एका रात्रीत चार-चार ठिकाणी जाऊन आपला एकट्याचा कार्यक्रम करी. क्लेटन पुढे काउंट बेसीच्या वाद्यवृंदात जगप्रसिद्ध झाला, आणि तरीही शांघायमधला काळ त्याने आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या दिवसांत मोजला. तिथेही वर्णद्वेषाने त्यांना गाठलेच. एका गोऱ्या अमेरिकनाने कुरापत काढून मारामारी केली आणि क्लेटनच्या मंडळींचे कॅनिड्रोममधले काम गेले. मग पोटासाठी ते साध्या नृत्यगृहांत चिनी गाणी वाजवू लागले. ली जिनहुई हा संगीतकार चिनी चाली आणि जॅझ यांची सांगड घालत होता, त्या कामाला या वादकांचा हातभार लागला. परक्याचे संगीत बंदरावर उतरते आणि स्थानिक गाण्यात शिरून घरचे होते, हे टेडीने शांघायमध्ये जवळून पाहिले.

मुंबईत जॅझ तोवर पोचला होता. १९३५ च्या हिवाळी हंगामात व्हायोलिनवादक लिऑन अबी याने आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमध्ये आणला. पाठोपाठ आला क्रिकेट स्मिथ, जॅझचा जणू चालताबोलता पूर्वेतिहास. पहिल्या महायुद्धाआधी न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीझ युरोपच्या वाद्यवृंदात तो कॉर्नेट वाजवत होता आणि नंतर त्याने पॅरिस गाजवले होते. १९३६ साली क्रिकेट स्मिथच्या मंडळींनी मुंबईत 'ताजमहाल' हा फॉक्सट्रॉट मुद्रित केला. त्याचा रचनाकार मेना सायलस हा मुंबईतल्या बगदादी ज्यू समाजातला. या वाद्यवृंदात पियानोवर टेडी होता, आणि लवकरच नेतृत्व त्याच्याकडे आले. त्याच्या साथीदारांत सॅक्सोफोनवादक रॉय बटलर होता, आणि कधीकाळी ड्यूक एलिंग्टनबरोबर वाजवलेला क्लॅरिनेटवादक रूडी जॅक्सनही होता.

त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणली पाहिजे. अपोलो बंदरावर यॉट क्लब होता आणि त्यात हिंदी माणसाला सभासदत्व नव्हते. त्याच किनाऱ्यावर ताज होते. तिथे हिंदी पाहुण्यांना पहिल्यापासून प्रवेश होता. ताजच्या नृत्यदालनात गोरे अधिकारी, संस्थानिक, पारशी आणि गुजराती धनिक एकाच फरशीवर नाचत, आणि त्या सगळ्यांना नाचवत असत अमेरिकेतल्या गुलामांचे वंशज. इथेही गरिबाला आत जागा नव्हती. परळ-लालबागच्या गिरणीकामगाराला ताजचे दिवे बाहेरूनच दिसत. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. जन्मभूमीत ज्याला मागच्या दाराने आत जावे लागे, त्याला मुंबईत मंचाच्या मध्यभागी बसून वाद्यवृंद चालवता आला.

१९३७ साली टेडी पॅरिसला गेला. तिथे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. स्विंग या जॅझला वाहिलेल्या तबकड्यांच्या कंपनीसाठी त्याने एकट्याच्या पियानोची काही ध्वनिमुद्रणे केली. साथीला कोणी नाही, दोन हात आणि एक वाद्य. टेडीला पुरते ऐकायचे असेल तर त्या मोजक्या तबकड्यांकडेच जावे लागते. डाव्या हाताची ती झेप जुन्या न्यू ऑर्लिन्सची आहे. उजव्या हाताला मात्र अकरा वर्षे दूर राहूनही शिळेपण आलेले नाही. युरोपातच राहण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. तो पूर्वेकडे परतला.

आणि इथून पुढची गोष्ट आपल्या घरात शिरते. मुंबईतल्या हॉटेलांमध्ये अमेरिकन वादकांच्या शेजारी बसू शकणारे वादक होते ते गोव्याचे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चला जोडून गावोगावी शाळा होत्या, आणि तिथे मुलांना स्वरलेखन वाचायला व व्हायोलिन वाजवायला शिकवत. गावात पोट भरेना, म्हणून ही मुले वाद्याची पेटी घेऊन मुंबईला येत आणि धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावच्या 'कुडा'त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासात, उतरत. त्यांना कागदावरचे कोणतेही संगीत दिले तरी ते पहिल्याच नजरेत वाजवीत. उणीव होती ती उपजेची. जिथे कागद संपतो तिथे काय करायचे, हे त्या शाळांनी शिकवले नव्हते. ज्या मुंबईत अब्दुल करीम खाँ गाऊन गेले होते आणि केसरबाई केरकर गात होत्या, त्या मुंबईत उपज हवेतच होती. पण चर्चच्या शाळेतून आलेल्या वादकापर्यंत ती पोचली शिकागोच्या वाटेने. कागद वाचूनही कागदाचा गुलाम न होणे ही व्हेंडोम थिएटरची शिस्त होती. टेडीसारखे वादक ती आपल्याबरोबर घेऊन आले.

गोव्यातल्या कुडचड्याचे ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड अशा वादकांच्या सहवासात घडले. पुढे हिंदी चित्रपटांत त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. मिकी कोरिया यांनी १९३९ नंतर दोन दशके ताजमधला वाद्यवृंद सांभाळला. हळदोण्यात जन्मलेले आंतोनियु शाविएर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले. हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून लोक त्यांना ओळखत.

टेडी मात्र तोवर पुढे गेला होता. मुंबईनंतर त्याने सिलोनमध्ये काम केले आणि युद्धकाळात तो कलकत्त्याच्या चौरंगीवरच्या ग्रँड हॉटेलात स्थिरावला. १९४२ पासून ते शहर दोस्त राष्ट्रांच्या फौजांनी भरून गेले होते. टेडीच्या वाद्यवृंदात आता गोव्याचे, ब्रह्मदेशाचे आणि अँग्लो-इंडियन वादक होते. कोलंबियासाठी त्याने कलकत्त्यात अनेक तबकड्या केल्या आणि अमेरिकन सैन्याच्या रेडिओवरून त्याचे कार्यक्रम प्रक्षेपित झाले. व्यापारी जहाजावर नोकरीला असलेला एक तरुण कलकत्त्यात त्याच्याबरोबर गाऊन गेला. त्याचे नाव जिमी विदरस्पून. पुढे तो ब्लूजचा नामांकित गायक झाला.

या फौजेबरोबर टेडीने सोडलेली अमेरिकाही त्याच्यामागे आली. अमेरिकन सैन्यात गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या पलटणी वेगळ्या, विश्रांतीची ठिकाणे वेगळी. आसाममधून ब्रह्मदेशात जाणारा लेडो रस्ता बांधणाऱ्या सुमारे १५,००० अमेरिकन सैनिकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. रजेवर कलकत्त्याला आल्यावर तिथेही त्यांच्यासाठी वेगळ्या जागा ठरवलेल्या होत्या. सतरा-अठरा वर्षांपूर्वी टेडी ज्या भिंतीपासून दूर निघाला होता, ती भिंत गणवेश घालून चौरंगीवर येऊन उभी राहिली.

बाहेर त्याहून भीषण काही घडत होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली. खेड्यांतून आलेली उपाशी कुटुंबे कलकत्त्याच्या फुटपाथवर पेजेसाठी हात पसरत होती आणि तिथेच मरत होती. हॉटेलांत संगीत चालू होते. युद्ध, टंचाई आणि सरकारची अनास्था यांनी उपाशी माणसाला आणि नाचणाऱ्या माणसाला एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना आणून ठेवले होते. दुष्काळामागून रोगराई आली. पटकीच्या साथींनी बंगाल पोखरून काढला. कलकत्त्यात या रोगाचा जोर उन्हाळ्यात वाढे. १९४५ च्या एप्रिलमध्ये टेडीला पटकी झाली आणि २५ तारखेला तो गेला. दुष्काळी बंगालच्या गरिबांना ज्या रोगाने नेले, त्याच रोगाने त्यालाही नेले. तेरा दिवसांनी युरोपातले युद्ध संपले.

टेडीने अमेरिकेत व्यावसायिक वादक म्हणून काढली ती जेमतेम सहा वर्षे. आशियात एकोणीस. तबकडीवर जे उरले त्याचा इतिहास होतो. रात्रीच्या हवेत जे वाजले आणि विरले त्याचा होत नाही. टेडीचे बहुतेक संगीत विरणारे होते. पण वाजलेले संगीत ऐकणाऱ्याच्या हातातही उतरते, आणि ती नोंद कोणत्याही कंपनीच्या यादीत सापडत नाही.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईतल्या हॉटेलांची रया गेली. गोव्याच्या वादकांनी मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाची वाट धरली. संगीतकार चाल सांगे. तिच्याभोवतीची वाद्ये, मधले तुकडे आणि ठेक्याचे डौल कागदावर उतरवी तो अरेंजर, आणि अरेंजर बहुधा गोव्याचा असे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेट यांना सोबत घेतले. १९५१ साली, टेडीच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, 'अलबेला' आला. परळच्या कामगारवस्तीत वाढलेले भगवान पालव पडद्यावर नाचू लागले. चिक चॉकलेट आणि त्यांचा वाद्यवृंदही चित्रपटात दिसला. ताजचे दिवे ज्यांनी बाहेरूनच पाहिले होते ते गिरणीकामगार आठ आण्यांचे तिकीट काढून आत बसले आणि त्या ठेक्यावर बेभान झाले.

'अलबेला'त टेडीची एकही चाल नाही, आणि असायची गरजही नाही. आजही महाराष्ट्रातल्या वरातीत बँडवाला ही गाणी काढतो तेव्हा म्हातारे भगवानदादांच्या लकबीने खांदे हलवतात. खालून ठेका न चुकता चालू असतो, वरून ट्रम्पेट मोकळे सुटते, आणि नवरदेवापुढे नाचणाऱ्या एकालाही व्हेंडोम थिएटर ठाऊक नसते.